सकाळचा बार

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

दसरा झाला. हलका धान कापून घरी आला, उशिरा पिकणारा भारी धान अजून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, उभा आहे. राखणीला आज बारा दिवस झाले. माचावर झोप लागत नाही आणि घरी आलो की दिवसा कुणी झोपू देत नाही. एस.टी.त बत्तीस वर्षे कंडक्टरकी केली, उभ्याउभ्या डुलकी काढायला शिकलो. पण त्या चार लाकडांच्या माचावर पाठ टेकली की हाडे मोजून घ्यावीत.

रानडुकरांना माझ्या वयाशी काही देणेघेणे नाही. नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूने येतात, एका फेरीत अर्धी बांधी लोळवून जातात. म्हणून वडिलांची ठासणीची बंदूक. पीक संरक्षणाचा परवाना आधी त्यांच्या नावावर होता, नंतर माझ्या झाला. संध्याकाळी माचावर गेलो की नळीतून दारू, चिंध्या, छर्रे गजाने ठासून भरायचे. डुकरे आली तर घोड्याखाली तांब्याची टोपी चढवून हवेत बार. नाही आली तर उजाडताना हवेत बार काढून, रिकामी करूनच घरी यायचे, कारण एकदा भरलेली ही बंदूक सहजी रिकामी होत नाही, तिला उडवावेच लागते. भरलेली बंदूक उंबरठ्याच्या आत आणायची नाही, हा वडिलांचा कायदा. भरण्याआधी कोरडा गज आत टाकून बघायचा, हाही त्यांचाच. रिकामी असेल तर टण्णकन वाजतो.

गावाला या सकाळच्या बाराची सवय आहे. शेजारची सुमनबाई त्यावर चूल पेटवते, पलीकडचा डोमा गाय दोहतो. चंद्रभागा चहा ठेवते. बायको म्हणून एवढी तरी सेवा तिने करावी.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

विधानसभेची आचारसंहिता लागली. पोलीस पाटील केशवराव सांगून गेले, परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करा. दर निवडणुकीला हेच. एप्रिलमध्ये लोकसभेच्या वेळी दिली होती, तेव्हा निदान शेतात काही नव्हते. आता ऐन भारी धानात!

“केशवराव, डुकरं कोणाले मतं देतात ते तरी सांगा,” मी म्हटले.

“मले कायले विचारता गा, वरून आदेश हाय,” ते म्हणाले. हसलेसुद्धा नाहीत. त्यांनाही कंटाळा आला असावा, घरोघर हेच सांगून.

देऊ दोन-चार दिवसांत.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी माचावरून उतरतो न उतरतो तोच डोमा धापा टाकत आला. बोडीच्या, गावच्या छोट्या तळ्याच्या, काठावर बिबट्याचे पाय उमटले म्हणे. तसाच त्याच्यामागे गेलो. पाय खरे होते, माझ्या पंजाएवढे. तिथे दहा माणसे जमली, प्रत्येकाने आपापला बिबट्या सांगितला. मग डोमाच्या घरी चहा झाला. बंदूक खांद्यावरून उतरवून पडवीत टेकवायचे भान मला घरी आल्यावर आले.

पोहोचलो तर नऊ वाजलेले, आणि चहा ठेवलेला नाही. विचारले तर चंद्रभागा म्हणते, “तुमी आलेच नाही तं कशी ठेवू?” म्हटले, रोज बरी ठेवतेस! तर उठून आत गेली. हल्ली हिच्याशी बोलायचे म्हणजे भिंतीशी बोलायचे. टीव्ही एवढा मोठा लावते की सून खुशबू येऊन कमी करते.

संध्याकाळी बंदूक भरली, टॉर्च दातात धरून. पाठ दुखते आहे. पुढे लिहीत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

उजाडताच केशवराव थेट शेतावर. आजचा शेवटचा दिवस, दुपारपर्यंत जमा न केल्यास नाव कळवणार. इतकी घाई केली की तोंडही धुऊ दिले नाही. अतुल मोटारसायकल घेऊन आला आणि शेतावरूनच ठाण्यात गेलो.

अतुल माझा मुलगा. सानगडीला त्याचे वेल्डिंगचे दुकान आहे. गेट, खिडक्या, ट्रॉल्या करतो. माझ्यापेक्षा कमी बोलतो आणि माझ्यापेक्षा जास्त काम करतो.

ठाण्यात रांग. सगळे माझ्यासारखेच म्हातारे, खांद्यावर बापाच्या बंदुका. जमादार योगेंद्र यांनी ओळखले. कॉलेजात असताना ते माझ्या गाडीने जायचे. “काका, तुमी डबल बेल देल्याबिगर गाडी हालत नव्हती,” म्हणाले. चारचौघांत बरे वाटले. छापील कागदावर ‘शस्त्र रिकामे असल्याची खात्री केली आहे’ अशी ओळ होती, तिच्याखाली सही केली. बंदुकीला चिठ्ठी बांधून मुद्देमालाच्या खोलीत भिंतीशी उभी केली. तिथे तीसेक बंदुका होत्या. खोलीची जाळी गंजलेली. अतुल ती हलवून बघत होता, धंदेवाईक माणूस.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आता राखण म्हणजे पत्र्याचा डबा आणि काठी. डब्याला डुकरे एक रात्र घाबरली, दुसऱ्या रात्री आमची ओळख झाली.

डोमाच्या दुसऱ्या गाईला गोऱ्हा झाला. पांढरा, कपाळावर ठिपका.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

चंद्रभागेने कपडे धुताना माझ्या सदऱ्याच्या खिशातून दोन टोप्या काढून ओट्यावर ठेवल्या. तांब्याच्या, करंगळीच्या नखाएवढ्या. घोडा टोपीवर पडतो तेव्हा बार होतो.

मी संध्याकाळी डबीतून मोजून दोनच टोप्या घेतो. एक रात्री डुकरे आली तर, एक सकाळच्या बारासाठी. २० च्या रात्री डुकरे आली नाहीत. म्हणजे सकाळी एक संपायला हवी होती आणि खिशात एकच उरायला हवी होती.

दोन आहेत.

सदरा त्याच दिवशीचा की आधीचा? माझे दोन्ही सदरे खाकी. नोकरी सुटली पण रंग सुटला नाही.

त्या सकाळी मी बार काढला का? आठवायला बसलो. डोळ्यांसमोर बार काढतानाचा मी स्पष्ट येतो, नळी वर, खांदा मागे. पण अशा हजार सकाळी आहेत. त्यातली २१ तारखेची कुठली, ते काही सापडेना.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज सहज विचारल्यासारखे विचारत फिरलो.

डोमा म्हणाला, “सोमवारी? झाला ना गा तुझा बार. तवाच तं मी गाय दोहली.”

बरे वाटले. मग सुमनबाईला विचारले. तीही म्हणाली, “झाला तं. रोजच होते. कालही झाला.”

काल! बंदूक पाच दिवसांपासून ठाण्यात आहे. मी तिला तसे म्हटले तर माझ्याकडेच विचित्र नजरेने बघू लागली.

घरी चंद्रभागेला विचारले. ती तांदूळ निवडत होती. दोनदा विचारल्यावर वर बघून “हो” म्हणाली. म्हटले, नक्की? “हो” म्हणाली. सुमनबाई बडबडी आहे, पण चंद्रभागा उगाच बोलत नाही. तिने ऐकला म्हणजे झालाच असणार.

तरी जेवण गेले नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

डोमाने आज सांगितले, त्याच्या दुसऱ्या गाईला गोऱ्हा झाला. पांढरा. इतके दिवस मला कुणी सांगितले नाही. या गावात शेजाऱ्याला शेजाऱ्याची खबर राहिली नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार

अतुल संध्याकाळी खुशीत आला. जेवताना सांगितले, “बाबा, ठाण्यातलं काम भेटलं. मुद्देमालाच्या खोलीले नवी जाळी. जुनी कापायची अन् नवी भिंतीतच वेल्डिंग करून बसवायची. दिवाळी झाली की.”

माझा घास हातातच राहिला.

“अन् बंदुका?” मी विचारले.

“त्या तेथंच राहीन. कुठी ठेवतीन? जागाच नाही. रिकाम्याच तं हायत.”

जाळीच्या पलीकडे वीतभर अंतरावर त्या उभ्या आहेत. अतुल लोखंड कापतो तेव्हा ठिणग्या कुठवर जातात ते मी पाहिले आहे. त्याच्या दुकानासमोरचा पिंपळ एका बाजूने करपला आहे. भरलेली नळी तापली तर टोपी नसतानाही उडू शकते, हे वडील सांगायचे.

उद्या जाऊन जमादारांना सांगायचे. सही खोटी केली, हे कबूल करायचे. परवाना जाईल, कदाचित गुन्हाही लागेल. बत्तीस वर्षांत माझ्यावर एक मेमो नाही. आणि बंदूक गेली तर पुढच्या वर्षीपासून भारी धान डुकरांसाठीच पेरायचा.

पण समजा ती रिकामीच निघाली तर? म्हातारा चळला म्हणतील, आणि परवाना तरीही घेतील.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. काल जाणे झाले नाही, दिवाळीचे जमादार कुठे भेटणार. काम दिवाळीनंतर आहे, म्हणजे वेळ आहे.

अतुलच्या मुलांसाठी आणलेल्या फटाक्यांतले निम्मे मी शेतावर नेले. डुकरांनी तेही ऐकले आणि खालची बांधी खाल्ली. सकाळी जाऊन पाहिले, धान नुसता लोळलेला. तिथेच धुऱ्याच्या बांधावर बसलो. थकवा असा की रडूही आले नाही. बंदूक असती तर, असे वाटले. आणि लगेच ती बंदूक कुठे आणि कशी उभी आहे ते आठवले.

चंद्रभागेला सगळे सांगावे म्हणून तिच्यामागे उभा राहून दोन वाक्ये बोललो. वळूनही पाहिले नाही तिने. दिवा लावत राहिली. एवढा कसला राग आहे माझ्यावर, देव जाणे.

४ नोव्हेंबर, सोमवार

आज गेलो. एस.टी.ने, पासावर. नव्या कंडक्टर पोरीने पास बघितलाच नाही, मला ते आवडले नाही.

जमादार योगेंद्र होते. खुर्ची दिली, चहा मागवला. समोरच ती जाळी. माझी बंदूक पुढच्याच ओळीत होती, चिठ्ठी वाचता येत होती.

“बोला काका.”

मी म्हटले, “बंदूक बरी हाय ना?”

ते हसले. “तिले काय होते? तुमीच दुबळे झाले. डुकरं लय सतावून राहिले काय?”

मग डुकरांवर बोललो. दहा मिनिटे डुकरांवर! चहा संपला. दोन माणसे भांडत आत आली आणि ते उठले. मी तसाच परत आलो. गाडीत बसल्यावर स्वतःला जितक्या शिव्या येतात तितक्या दिल्या. गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्या पोरांनाही मी कधी तशा दिल्या नव्हत्या.

६ नोव्हेंबर, बुधवार

अतुल मापे घेऊन आला. काम पंधरा तारखेला ठरले. देवा, नऊ दिवस मिळाले.

“तुमची बंदूक समोरच होती, बाबा,” तो जेवताना म्हणाला. “फीत लावाले अडचण होत होती तं मी हातानं उचलून बाजूले टेकवली. लय वजन हाय गा तिचं.”

खुशबू म्हणाली, “तुमाले थंडी वाजून राहिली का, बाबा?” हो म्हटले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

गावात मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. दुकाने, पाळणा, संध्याकाळी नाटक. अतुलला बाजूला घेऊन सांगायचे म्हणून दोन चकरा मारल्या. तो ओळखीच्यांना सांगत होता, हे काम चांगले झाले तर ठाण्याच्या सगळ्या खिडक्याही त्यालाच मिळतील. असा फुललेला चेहरा त्याच्या लग्नातही नव्हता. बाप खोटी सही करणारा निघाला तर त्याला कोण खिडक्या देणार?

सोमवारी सांगेन. पंधराला वेळ आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

जसे घडले तसे लिहितो, गाळत नाही.

सकाळी साडेसातला शेतावरून आलो. अंगणात मोटारसायकल नाही. खुशबूला विचारले.

“ते गेले ना ठाण्यात. जमादारांचा फोन आला, आज रविवार हाय, गर्दी नाही, आजच लावून टाका म्हणे.”

फोन लावला. वाजत राहिला. ग्राइंडर चालू असला की त्याला फोन ऐकू येत नाही, मला माहीत आहे. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ठाण्याचा नंबर माझ्याकडे नाही. डोमाच्या घरी पळालो. पळालो म्हणजे काय, गुडघा ओढत गेलो. “लुना काढ,” एवढेच म्हटले. तो विचारत होता काय झाले, मी नुसता पाठीवर थापा मारत होतो. ती लुना चढावाला आली की मी उतरून ढकलायचो आणि पुन्हा बसायचो.

ठाण्याच्या फाटकातूनच ग्राइंडरचा आवाज आला. आत ठिणग्यांचा फवारा, अगदी बंदुकांच्या बाजूला. अतुल काळा चष्मा लावून वाकलेला.

“बंद कर!” मी ओरडलो. माझा आवाज असा आहे हे मलाच माहीत नव्हते. “अतुल, बंद कर ते! भाईर ये!”

त्याने यंत्र बंद केले. जमादार धावत आले. तक्रार द्यायला आलेली माणसे, दोन होमगार्ड, सगळे माझ्याकडे बघत. आणि मी सर्वांसमोर सांगितले की माझी बंदूक भरलेली असेल, बार काढला की नाही ते मला आठवत नाही, तरी मी सही केली.

अतुल आधी हसला. त्याला वाटले मी काहीतरीच बोलतो आहे. जमादार मात्र हसले नाहीत. सगळ्यांना बाहेर काढले. माझी बंदूक स्वतः उचलली, नळी आभाळाकडे धरून, आणि मागच्या मोकळ्या अंगणात आणून भिंतीला टेकवली.

“गज टाका, काका. पण तोंड बाजूले.”

गज टाकला. टण्ण नाही. चिंधीवर पडल्यासारखा मऊ ठप्प आवाज. भरलेली होती.

पण तेवढ्यावर संपले नाही. गजावर वडिलांनी दोन खुणा कोरल्या आहेत, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. भरलेल्या नळीत दुसरी खूण काठाशी येते. आज ती काठाच्या वर चार बोटे उभी होती. मी बोटे लावून दोनदा पाहिले. डोमाही जवळ आला, त्याच्या बापाकडे अशीच बंदूक होती. तो म्हणाला, “ईश्वरभाऊ, हे दोन बार हायत. एकावर एक.”

म्हणजे २१ चा बार मी काढला नव्हता, आणि २० चाही नाही. २० ला बिबट्याचे पाय बघायला गेलो, भरलेली बंदूक खांद्यावर घेऊन डोमाकडे चहा प्यालो, भरलेली बंदूक घरात आणली आणि संध्याकाळी तिच्यात दुसरा बार ठासला. कोरडा गज टाकून बघितला नाही. ती कुणी उडवली असती तर नळी फुटून त्याचे तोंड गेले असते. उडवणारा मीच होतो. केशवरावांनी त्या सकाळी घाई केली नसती तर मीच.

जमादारांनी बंदुकीला बांधलेली चिठ्ठी वाचली. मग म्हणाले, “काका, मी सांभाळून लिवतो. पण लिवावं लागन.”

“लिवा,” मी म्हटले.

परत येताना अतुलच्या मागे बसलो. बोडीपाशी त्याने गाडी थांबवली, उतरला, पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

“तुमाले कधीपासून शक होता?”

“टोप्या सापडल्या तवापासून. दिवाळीच्या आधी.”

“अन् मी लक्ष्मीपूजनाले सांगतलं, तेथं काम करणार हावो म्हणून. आज दहा. नऊ दिवस झाले, बाबा. नऊ दिवस तुमी माह्यासमोर जेवले.”

“पक्कं माहीत नव्हतं, बापा.”

“म्हणून जाऊ देलं?”

त्याने गाडीला किक मारली आणि मी मागे बसलो.

घरी आल्यावर माझा राग चंद्रभागेवर निघाला. तिच्यासमोर जाऊन, हात हलवून ओरडलो, तू बार ऐकला म्हणालीस, दोनदा हो म्हणालीस, तुझ्या भरवशावर मी बसलो! ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग तिचे डोळे भरले.

“तुमी विचारलं तं हो म्हटलं,” ती म्हणाली. “तुमचा बार मले दोन सालापासून आयकू येत नाही. तुमी सकारी घरी आले की मी समजत होती, झाला.”

दोन वर्षे. मी रोज म्हणत होतो हिला राग आला आहे, आणि राग कसला तेही मीच शोधत होतो. मी तिच्याजवळ बसलो. काय बोलणार, आणि बोललो असतो तरी तिला कसे कळणार?

११ नोव्हेंबर, सोमवार

जिल्ह्याहून शस्त्रांचा जाणकार आला. त्याने दोन्ही बार बाहेर काढले. मला लांब उभे केले होते. छर्रे एका कागदावर ठेवले, मूठभर होते.

परवाना परत करण्याचा अर्ज लिहायला बसलो. जमादार म्हणाले, कारणात ‘वयोमानामुळे’ लिहा, बरे दिसते. मी लिहिले, ‘बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे मला आठवत नाही.’ त्यांनी वाचले, थोडा वेळ धरून ठेवले आणि शिक्का मारला. खोट्या सहीचे काय करायचे ते वरचे साहेब ठरवतील.

१३ नोव्हेंबर, बुधवार

अतुलने काल जाळी बसवून काम पूर्ण केले. खिडक्यांचे कुणी काही बोलले नाही, त्यानेही विचारले नाही. राखणीला कालपासून तोच जातो आहे, डबा घेऊन. मला “तुमी निजा” म्हणाला. रविवारपासून माझ्याशी बोललेले ते दोनच शब्द. आईला मात्र कानाच्या डॉक्टरकडे नेण्याचे ठरवले आहे, ते खुशबूने सांगितले.

तीन दिवस मी स्वतःची बाजू मांडून बघतो आहे. पक्के माहीत नव्हते, हे खरे. दिवाळी होती, तेही खरे. जमादारांसमोर बसलो होतो आणि डुकरांवर बोललो, हेही खरेच. परवान्याची भीती होती, इज्जतीची होती, आणि या दोन्ही भीतींच्या पलीकडे माझा मुलगा ग्राइंडर घेऊन वाकला होता. प्रत्येक वेळी मी उद्या म्हटले.

आज दुपारी ही वही पहिल्यापासून वाचली. अतुल म्हणतो त्याने मला लक्ष्मीपूजनाला सांगितले. तसे नाही. वहीत ३० ऑक्टोबर आहे, बुधवार, रात्रीच्या जेवणाला. तेव्हापासून दहा तारखेपर्यंत नऊ दिवस होत नाहीत, अकरा होतात. त्याला हे माहीत नाही, आणि मी न सांगितल्यास कधी कळणारही नाही. नऊ दिवसांचाच त्याला एवढा राग आहे.

तो अंगणात डब्याला दोरी बांधतो आहे, शेतावर निघेल आता. सकाळी आल्यावर सांगावे, असे मनात आले होते. नको. वही घेऊनच त्याच्याकडे जातो.